संघाची पारख

दसरा झाला की आपल्या चांदूर रेल्वेच्या भागात कापूस फुटू लागतो. शिवारात वेचणीची घाई सुरू होते. त्याच सुमारास रणजी करंडकाचे क्रिकेट सामनेही सुरू होतात. मग स्टेशनाकडच्या चहाच्या टपरीवर, पारावर, न्हाव्याच्या दुकानात एकच विषय निघतो. यंदा आपला विदर्भाचा संघ कसा आहे?

एखादा पोरगा छाती ठोकून सांगतो, "काकाजी, मागच्या खेपेला जिंकलो. यंदाही करंडक आपलाच हाय!"

काकाजी मान हलवतात. "काहीचा आपला! पहिल्या डावात कसे पटापट बाद झाले, पाह्यलं नाही काय? हा संघ गेला कामातून."

पोरगा मागच्या सालावरून बोलतो. काकाजी एका डावावरून बोलतात. दोघांचाही संघावर जीव आहे. पण जीव असणे वेगळे आणि पारख असणे वेगळे.

शेतात आपण असे करत नाही. मृगाची पहिली सर आली म्हणून कोणी पिकाचा हिशेब मांडत नाही. पहिल्या सरीला भुलून पेरले आणि पुढे पावसाने दडी मारली, तर दुबार पेरणीची पाळी येते. हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. तीच समज खेळ पाहताना ठेवावी.

रणजी करंडक म्हणजे काय?

ही भारतातील संघांची मोठी स्पर्धा आहे. ती १९३४ साली सुरू झाली. त्या वेळी आपला भाग 'मध्यप्रांत आणि वऱ्हाड' या नावाने खेळत असे. १९५६ साली राज्यांची नवी रचना झाली. १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भाचा संघ खेळू लागला.

पुढे साठ वर्षे करंडक आला नाही. तो पहिल्यांदा आला १ जानेवारी २०१८ रोजी. फैज फझल कर्णधार होता. इंदूरच्या मैदानावर विदर्भाने दिल्लीला ९ गडी राखून हरवले. मग २०१९ साली पुन्हा जिंकलो. २०२५ साली तिसऱ्यांदा जिंकलो.

हा खेळ एका दिवसाचा नाही. गटातील सामना चार दिवस चालतो. प्रत्येक संघाला दोन डाव मिळतात. २०२४-२५ च्या हंगामात गटातील प्रत्येक संघाला सात सामने होते. पाच सामने दिवाळीच्या आगेमागे झाले, उरलेले दोन जानेवारीत. म्हणजे पहिला सामना संपला तेव्हा सहा बाकी होते. सात एकरांपैकी एकच एकर पाहून साऱ्या शेताचा अंदाज कोण सांगेल?

एका डावावरून का सांगू नये?

पाटी घ्या आणि हे आकडे लिहा. डिसेंबर २०१७ मध्ये कलकत्त्याला विदर्भ आणि कर्नाटक यांचा उपांत्य सामना झाला. उपांत्य म्हणजे शेवटच्या सामन्याच्या आधीचा.

विदर्भ, पहिला डाव: १८५ धावा
कर्नाटक, पहिला डाव: ३०१ धावा
विदर्भ, दुसरा डाव: ३१३ धावा
कर्नाटक, दुसरा डाव: १९२ धावा

पहिले डाव संपले तेव्हा विदर्भ ११६ धावांनी मागे होता. काकाजींनी तेव्हाच उठून घर गाठले असते. आता दोन्ही डावांची बेरीज करा. विदर्भाच्या झाल्या ४९८. कर्नाटकाच्या झाल्या ४९३. विदर्भ फक्त ५ धावांनी जिंकला! रजनीश गुरबानी या गोलंदाजाने त्या सामन्यात १२ गडी बाद केले. त्यांतले ७ दुसऱ्या डावातले होते.

मागच्या सालावरून का सांगू नये?

आता पोराचे बोलणे तपासू. संघाचे नाव तेच राहते, पण माणसे बदलतात. २०१९ च्या अंतिम सामन्यात आदित्य सरवटे याने विदर्भासाठी ११ गडी बाद केले. सौराष्ट्र ७८ धावांनी हरले. तोच सरवटे २०२५ च्या अंतिम सामन्यात केरळकडून खेळला. त्याने विदर्भाविरुद्ध ७९ धावा काढल्या.

करुण नायर कर्नाटकातून विदर्भात आला. २०२५ च्या अंतिम सामन्यात त्याने एका डावात ८६ आणि दुसऱ्या डावात १३५ धावा केल्या. पुढच्या हंगामात तो परत कर्नाटकाकडे गेला. अमरावतीचा जितेश शर्माही त्याच वेळी बडोद्याच्या संघात गेला.

याच्या उलटही घडते. दानिश मालेवार याचा २०२४-२५ हा रणजीतला पहिलाच हंगाम होता. अंतिम सामन्यात त्याने १५३ धावा केल्या. त्याच हंगामात हर्ष दुबे याने ६९ गडी बाद केले. एका हंगामात इतके गडी त्याआधी रणजीत कोणीच बाद केले नव्हते. हंगामाच्या आरंभी पारावर किती जणांनी ही नावे घेतली असतील?

मग पाहावे तरी काय?

पहिले, कोण गेले आणि कोण आले ते पाहावे. जुना भरवशाचा बैल विकला, तर नवा बैल जुवाखाली कसा चालतो हे बघायला वेळ द्यावा लागतो.

दुसरे, सामना कोणाशी आणि कोठे झाला ते पाहावे. मार्च २०२४ च्या अंतिम सामन्यात मुंबईने आपल्या वानखेडे मैदानावर विदर्भाला १६९ धावांनी हरवले. फेब्रुवारी २०२५ च्या उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवले. तो सामना नागपूरला झाला. घरचे मैदान ओळखीचे असते. म्हणून दुबळ्या संघावर घरी मिळवलेला विजय आणि बलवान संघावर बाहेर मिळवलेला विजय एकाच मापाने मोजू नये.

तिसरे, गुणांचा तक्ता वाचावा. सामना जिंकला की ६ गुण मिळतात. एक डाव राखून किंवा दहा गडी राखून जिंकला की ७ मिळतात. हरला तर शून्य. निकाल लागला नाही, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त त्याला ३ आणि दुसऱ्याला १. पहिल्या डावातली आघाडी किती मोलाची असते ते २०२५ मध्ये दिसले. अंतिम सामना अनिर्णित राहिला. विदर्भाच्या पहिल्या डावात ३७९ धावा होत्या, केरळच्या ३४२. त्या ३७ धावांवर करंडक नागपूरला राहिला.

तीन-चार सामने झाल्यावर या तीन गोष्टी जुळवाव्या. मग जे मत होईल, त्याला थोडा आधार असेल. तरीही ते मतच. पुढे काय होईल ते मैदानावरच ठरते.

यात आपले काय जाते?

कोणी म्हणेल, "गुरुजी, गप्पाच तर आहेत. चुकल्या तर काय बिघडलं?" गप्पांनी काही बिघडत नाही. गप्पांनी दिवसाचा शीण जातो. पण हंगाम सुरू झाला की सट्टेवालेही फिरू लागतात. 'संघ पक्का जिंकतो, लावा पैसे,' असे ते कानात सांगतात. त्याच दिवसांत घरात कापसाचा चुकारा आलेला असतो. त्या पैशांतून दुकानदाराची उधारी फेडायची असते, मुलीची फी भरायची असते, रब्बीचे बियाणे आणायचे असते. ऐकीव बोलण्यावर तो पैसा लावला, तर गप्पांचे मोल घरच्या बाईला आणि लेकरांना चुकवावे लागते. शिवाय सट्टा हा कायद्याने गुन्हा आहे.

कलकत्त्याचा तो सामना आठवा. पाच दिवसांचा खेळ केवळ ५ धावांवर फिरला. मोठमोठे जाणकारही असे आधी सांगू शकत नाहीत. मग चिठ्ठी फाडणारा कसा सांगेल?

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. वर्तमानपत्रात खेळाचे पान असते. त्यात धावफलक आणि गुणतक्ता छापतात. दुसऱ्याचे ऐकण्याआधी स्वतः ते पान वाचा. जो मोठ्याने बोलतो तो खरा, असे मानण्याची आता गरज नाही. खेळाचे पान वाचता आले की बाजारभावाचा तक्ता आणि सोसायटीचा हिशेबही त्याच रीतीने तपासता येतो.

करून पाहा

१. एका संघाने तीन सामन्यांत एक जिंकला, एक हरला आणि एकात पहिल्या डावाची आघाडी घेऊन बरोबरी केली. दुसऱ्या संघाने तिन्ही सामन्यांत आघाडी घेऊन बरोबरी केली. कोणताही विजय डाव किंवा दहा गडी राखून नव्हता. दोघांचे गुण किती?
२. दोघांपैकी कोणता संघ बरा वाटतो? ठरवण्याआधी आणखी काय विचाराल?
३. विदर्भाच्या पुढच्या सामन्याचा धावफलक वर्गात आणा आणि मोठ्याने वाचा.