निलगिरीची ओळख

बीड जिल्ह्यांत शेताच्या बांधावर पांढुरक्या खोडाचें सरळसोट झाड दिसलें, कीं त्यास निलगिरी म्हणून आपण मोकळे होतों. पण निलगिरी हें एकाच झाडाचें नांव नव्हे. या जातकुळीचे सातशेंच्या आसपास प्रकार आहेत, आणि ज्यास थंड, ओलें रान लागतें असा प्रकार आपल्या कोरड्या माळावर लावला तर शेतकऱ्याचे श्रम व पैसा दोन्ही वायां जातात.

थंड रानांतील सर्वांत उंच निलगिरी म्हणजे 'युकॅलिप्टस रेग्नान्स'. तिचें माहेर ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया व तस्मानिया. तस्मानियांत २००८ सालीं आढळलेलें एक झाड सुमारें १०० मीटर भरलें. कुतुबमिनार ७३ मीटरांच्या आंतच आहे! बुंध्याशीं साल खरबरीत व तंतुमय, वर खोड गुळगुळीत, आणि सुटलेली साल फितींसारखी लोंबते. पानाच्या बगलेंत कळ्यांचे घोस जोडीनें येतात, ही खूण विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. एवढें प्रचंड झाड, पण भडकलेल्या वणव्यांत मेलें कीं बुंध्यांतून पुन्हां फुटत नाहीं. बियांपासूनच नवें रान उठतें. १९३९ च्या जानेवारींत व्हिक्टोरियांतील अशीं विस्तीर्ण रानें जळालीं.

आपल्याकडे नांव रूढ झालें तें दक्षिणेंतील निलगिरी डोंगरांवरून. तेथें १८४३ सालीं 'ब्लू गम' लावण्यांत आला. त्याच्या रोपाचीं पानें निळसर, बिनदेंठाचीं व समोरासमोर. कळी मोठी, खडबडीत आणि बहुधा एकटी. त्यासही थंडावाच मानवतो.

मैदानांत लागवड झाली ती मुख्यतः 'टेरेटिकॉर्निस' व तिच्या संकरांची. हिची साल मोठ्या पापुद्र्यांनीं सुटते, आणि झाड तोडलें तरी बुंध्यास नवे धुमारे येतात.

पान चुरगळून वासावरून जात सांगूं म्हणणाऱ्यांस आमचा दुरूनच नमस्कार. तो वास पुष्कळ जातींस असतो. पाहावी ती कळी. १७८८ सालीं दिलेल्या 'युकॅलिप्टस' या नांवाचा ग्रीक अर्थच 'नीट झांकलेलें' असा आहे. कळीवर टोपी असते. ती गळाली म्हणजे पांढऱ्या केसरांचा झुबका उघडतो. झाड उंच म्हणून फांदीस हात पोंचत नसेल, तर फुलांच्या दिवसांत खालीं पडलेल्या टोप्या वेचाव्या. टोपी शिंगासारखी निमुळती व लांब असल्यास बांधावरील झाड टेरेटिकॉर्निसच्या घरचें समजण्यास हरकत नाहीं.