डोळा लवण्यापासून एमआरआयपर्यंत

या अहवालाच्या पुढील पानांवर जमाखर्च व ताळेबंद दिलेला आहे. ताळेबंदात ज्याची नोंद होत नाही अशा एका खर्चाविषयी येथे लिहावयाचे आहे. तो खर्च म्हणजे निदान न झालेल्या लक्षणांपायी कुटुंबाने सोसलेली भीती. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यकीय माहिती रुग्णालयातील तज्ज्ञांकडून तपासून घेतलेली आहे. त्यावरील मते मात्र प्रशासकाची आहेत.

मेंदूविकार बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या काही रुग्णांच्या हातात जाडजूड फाइल असते आणि आतील सर्व अहवाल निर्दोष असतात. कोणाची पोटरी आतल्या आत फडफडते, कोणाच्या बोटांना मुंग्या येतात, कोणाला पाय आपले नाहीतसे वाटतात. या सर्वांच्या मनात एखाद्या आजाराचे नाव पक्के झालेले असते. कोणाला मेंदूतील गाठ वाटते, कोणाला मल्टिपल स्क्लेरोसिस. अलीकडे मोटर न्यूरॉन डिसीजचे, म्हणजे एमएनडीचे, नाव पुष्कळ वेळा ऐकू येते.

स्नायूंचे स्फुरण आपल्या लोकांस नवीन नाही. डोळा लवला की उजवा की डावा, पुरुषाचा की स्त्रीचा, यावरून शुभाशुभ ठरविण्याची रीत घरोघर होती. वीरांचे बाहू स्फुरण पावत असल्याची वर्णने आपण शाळेत वाचली आहेत. त्या वेळी अशा फडफडीचा वाईटात वाईट अर्थ म्हणजे एखादी अप्रिय वार्ता. आज तीच फडफड भ्रमणध्वनीवर शोधली असता पहिल्या पाचदहा ओळींत असाध्य आजाराचे नाव दिसते, आणि त्या रात्री झोप लागत नाही.

हा आजार कोणता, हे स्पष्ट सांगणे बरे. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६९ साली त्याचे वर्णन केले. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या मेंदूतील व मज्जारज्जूतील पेशी यात क्रमाक्रमाने नष्ट होतात. हात, पाय, वाणी, गिळणे आणि अखेर श्वसन यांची शक्ती जाते. बहुसंख्य रुग्णांचे आयुष्य लक्षणे सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षांचे असते. १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले रिलुझोल हे औषध ते काही महिन्यांनी वाढविते, रोग बरा करीत नाही. अमेरिकी बेसबॉलपटू लू गेरिग यांना १९३९ साली हे निदान सांगण्यात आले व १९४१ साली त्यांचे निधन झाले. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हे निदान झाले, आणि ते २०१८ पर्यंत जगले, हा अपवाद. २०१४ साली डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याची जी लाट जगभर आली, ती याच रोगासाठी निधी जमविण्याकरिता होती. प्रसिद्धीमुळे रोग जवळचा वाटू लागतो. प्रत्यक्षात युरोपातील नोंदींनुसार तेथे दर एक लाख लोकांमागे वर्षाला दोन ते तीन जणांना तो नव्याने होतो.

आता फडफडीविषयी. मज्जारज्जूतील एक पेशी आपल्या तंतूद्वारे स्नायूच्या अनेक धाग्यांना चालविते. हा तंतू आज्ञेवाचून आपणहून उद्दीपित झाला, की ते सर्व धागे एकदम आकुंचन पावतात व त्वचेखाली किडा वळवळल्यासारखे दिसते. जागरण, अतिश्रम, चहा-कॉफीचा अतिरेक, तंबाखू, थायरॉइडचे विकार, दम्यावरील काही औषधे आणि स्वतः चिंता, यांपैकी काहीही त्यास पुरेसे होते. १९६३ साली अमेरिकेत वैद्यकीय क्षेत्रातील निरोगी कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ७० टक्के लोकांनी असे स्फुरण अनुभवल्याचे सांगितले. त्याहून महत्त्वाचा अभ्यास मेयो क्लिनिकचा, १९९३ सालचा. निरुपद्रवी स्फुरण असे निदान झालेल्या १२१ रुग्णांचा पुढे दोन ते बत्तीस वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यांपैकी एकालाही एमएनडी झाला नाही. वाचकांनी हा आकडा लक्षात ठेवावा, अशी विनंती आहे.

या भीतीपासून डॉक्टरही मुक्त नसतात. स्फुरणाने धास्तावून तज्ज्ञांकडे धाव घेणाऱ्या वैद्यकीय व्यावसायिकांवर ऑस्ट्रेलियातील मेंदूविकारतज्ज्ञांनी २०१३ साली निबंध प्रसिद्ध केला. ज्ञान अधिक असल्याने भीती कमी होते असे नाही. तेव्हा घरच्यांनी रुग्णास 'उगाच वाचत बसतोस' असे म्हणून हिणवू नये.

मग खऱ्या रोगाची खूण कोणती? आमचे तज्ज्ञ सांगतात की ती शक्ती जाण्यात असते. सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, किल्ली फिरत नाही, चालताना चवडा जमिनीला घासतो व चप्पल निसटते, शब्द बोबडे येतात, पाणी पिताना ठसका लागतो, अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल भाग खोलगट होतो. हे सर्व प्रायः वेदनेवाचून होते आणि महिन्यागणिक वाढत जाते. एमएनडीचा रुग्ण सहसा फडफडीची तक्रार घेऊन येत नाही. तो हात चालत नाही म्हणून येतो आणि फडफड तपासणाऱ्या डॉक्टरला दिसते.

यातील विपरीत गोष्ट अशी की ज्यांना रोग नाही ते आठवडाभरात येतात, तर ज्यांना आहे ते उशिरा येतात. दुखत नसल्यामुळे चवडा घासणाऱ्या वृद्धाला घरचे 'वय झाले' म्हणतात. पाश्चात्त्य देशांतसुद्धा पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत साधारण एक वर्ष जाते. म्हणून अकारण घाबरू नका असे सांगताना येऊ नका असे मात्र आम्ही सांगणार नाही. अचानक तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे किंवा वाचा जाणे, यात तर एक मिनिटही दवडू नये. तो पक्षाघात असू शकतो, आणि रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

मुंग्यांची गोष्ट निराळी. त्यांची कारणे पुष्कळदा अगदी साधी व उपचारयोग्य असतात. मधुमेह हे त्यांतील मोठे कारण. रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातील नस दबलेली असू शकते. भीतीने श्वास जलद व उथळ झाला, की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि ओठांभोवती व बोटांत मुंग्या येतात. रुग्ण त्या मुंग्यांना भितो, श्वास आणखी जलद होतो. आणि ब-१२ जीवनसत्त्व! पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांचा जो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला, त्यात ६७ टक्के जणांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी आढळले. शाकाहारी घरांत तर याचा विचार आधी व्हावा. एमआरआयच्या तुलनेत अत्यल्प खर्चात ही तपासणी होते आणि औषधही स्वस्त आहे. उपेक्षा झाली तर मात्र मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते.

तपासण्यांच्या खर्चाकडे वळतो, कारण तो माझ्या खात्याचा विषय. चाळिशीच्या एका नोकरदार गृहस्थांनी दीड वर्षात निरनिराळ्या ठिकाणी तीन एमआरआय करवून घेतले होते. चौथ्यासाठी सवलत मिळेल का, हे विचारण्यास त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, रिपोर्ट चांगला आला की ह्यांना आठ दिवस बरं वाटतं. मग पुन्हा आरशासमोर उभं राहून जीभ बघणं सुरू." मुलीच्या शिक्षणासाठीची ठेव मोडली होती. त्यांना चौथ्या एमआरआयऐवजी आमच्या तज्ज्ञांची वेळ मिळवून दिली.

त्या बाई बोलल्या ते संशोधनाशी जुळते. लंडनमध्ये रोजच्या डोकेदुखीच्या १५० रुग्णांवर झालेल्या प्रयोगात (२००५) ज्यांना मेंदूचा स्कॅन देऊ केला त्यांची चिंता तीन महिन्यांपर्यंत कमी राहिली, वर्षअखेर मात्र फरक उरला नाही. न्यायासाठी हेही नमूद करतो की ज्यांचा मानसिक त्रास मुळात अधिक होता, त्यांच्या बाबतीत स्कॅनमुळे पुढील खर्च कमी झाला, कारण त्यांना इतर तज्ज्ञांकडे कमी पाठविले गेले. तेव्हा यंत्रास सरसकट दोष देता येणार नाही. पण यंत्र नको तेही दाखविते. रॉटरडॅम येथे २००० सर्वसामान्य नागरिकांच्या मेंदूचे स्कॅन केले गेले (२००७), तेव्हा कोणतीही तक्रार नसताना ७.२ टक्के लोकांत जुन्या सूक्ष्म पक्षाघाताच्या खुणा आढळल्या. पाठीचे दुखणे नसलेल्या विशीतील तरुणांपैकी ३७ टक्के लोकांच्या मणक्यांतील गाद्या झिजलेल्या दिसतात, असे २०१५ सालचा एक संकलित अभ्यास सांगतो. अहवालातील अशी एक ओळ वाचून माणूस नव्या काळजीला लागतो.

दुसऱ्या बाजूस, 'तुम्हाला काहीही झालेले नाही' हे वाक्य रुग्णाला घरी पाठविण्यास पुरेसे नसते. त्याचा पाय खरोखरच जड झालेला असतो. मज्जासंस्थेची रचना शाबूत असून तिच्या कार्यात बिघाड होतो, असा हा विकार आहे, ढोंग नव्हे. याची खूण तपासणीत सापडते. १९०८ साली डॉ. हूवर यांनी वर्णिलेली रीत आजही वापरली जाते. रुग्णास उताणे निजवून दुबळा पाय खाली दाबण्यास सांगितले तर जोर लागत नाही, पण दुसरा पाय विरोधाविरुद्ध उचलावयास लावताच तोच दुबळा पाय आपोआप जोराने खाली दाबला जातो. हे रुग्णास व त्याच्या नातलगांस प्रत्यक्ष दाखविले, की वाट शाबूत आहे हे त्यांना पटते. स्कॉटलंडमध्ये ज्यांची लक्षणे रोगाने स्पष्ट होत नाहीत असे तज्ज्ञांचे मत झाले, अशा १०३० रुग्णांची सुमारे दीड वर्षाने माहिती घेतली गेली (२००९). त्या लक्षणांचा उलगडा करणारा अनपेक्षित रोग केवळ चौघांत निघाला. ही अचूकता प्रामुख्याने विचारपूस, हातोडी, टाचणी आणि टॉर्च यांच्या बळावर मिळते.

विश्वस्तांपुढे यासंबंधी एक प्रस्ताव आहे. यंत्रांसाठी देणग्या मिळतात, भिंतीवर आप्तांच्या स्मरणार्थ पाटी लागते, ते योग्यच आहे. परंतु नव्या रुग्णास तज्ज्ञांनी पाऊण तास द्यावा, नंतर महिन्याने पुन्हा बोलवावे आणि गरज भासल्यास त्याच दिवशी समुपदेशकाची भेट घडवावी, यासाठी कोणी देणगी देत नाही. प्रत्येक गुरुवारी दुपारचे सत्र केवळ अशा रुग्णांसाठी राखावे व त्याचा खर्च स्वतंत्र निधीतून व्हावा, असे सुचविले आहे. या तासांना पाटी लावता येणार नाही, मात्र देणगीदारांची नावे या अहवालात छापता येतील.

रुग्णांच्या नातलगांस सूचना एवढीच की येताना जुन्या फिल्म व अहवाल तारखेवार लावून आणावेत आणि चालू असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिक व होमिओपॅथीसह, पिशवीत घालून आणावीत. तीन महिन्यांपूर्वी करता येत असे पण आज येत नाही, असे कोणते काम आहे ते एका कागदावर लिहून आणावे. तसे एकही काम आठवले नाही, तर तेही त्या कागदावर लिहावे. डॉक्टर तो कागद प्रथम वाचतात.