व्हॉल्व्हचा 'विश्राम' : गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा बायस कसा लावतात?

— कॅडेट, इयत्ता दहावी

ट्रान्झिस्टर येऊन इतकी वर्षे झाली, तरी अनेक गिटारवादक आजही व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर वापरतात. आवाज वाढवत नेला की तो एकदम फाटत नाही, हळूहळू भरदार होत जातो, हे त्याचे वैशिष्ट्य. मात्र या अ‍ॅम्प्लिफायरचे पॉवर व्हॉल्व्ह बदलले की 'बायस' तपासावा लागतो. तो का आणि कसा, हे या लेखात पाहू.

व्हॉल्व्ह आपल्याला परका नाही. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या बेंगळुरूच्या जालहळ्ळी येथील कारखान्यात रेडिओचे व्हॉल्व्ह बनत. तिथला ईएल८४ हा व्हॉल्व्ह गिटारवाले अजून शोधत असतात. गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधल्या ६एल६ या व्हॉल्व्हचा भाऊबंद ८०७, दुसऱ्या महायुद्धातल्या 'वायरलेस सेट नंबर १९' मध्ये संदेश पाठवण्याचे काम करत असे.

बायस म्हणजे काय?

व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि धन दाबाच्या प्लेटकडे धावतात. वाटेत तारेची जाळी असते, ती ग्रिड. ग्रिडला ऋण दाब दिला की इलेक्ट्रॉन अडतात. गिटार वाजत नसताना ग्रिडवर जो स्थिर ऋण दाब ठेवतात, तो बायस. शांत अवस्थेत व्हॉल्व्हमधून किती धारा वाहील, हे तो ठरवतो.

परेडमधला 'विश्राम' आठवा. जवान ताठरलेला नसतो आणि झोपलेलाही नसतो. हुकूम येताच हलायला तयार असतो. व्हॉल्व्हचेही तसेच आहे. ऋण दाब जास्त झाला तर धारा फार कमी होते, त्याला 'थंड' बायस म्हणतात. अशा वेळी एक व्हॉल्व्ह थांबून दुसरा सुरू होईपर्यंत खंड पडतो आणि हळू वाजवलेला स्वर खरखरीत येतो. ऋण दाब कमी पडला तर बायस 'गरम' होतो. धारा वाढते, प्लेट तापून लाल होते आणि व्हॉल्व्ह लवकर मरतो. फिलामेंटचा नारिंगी उजेड नेहमीचाच. पण बाहेरची करडी प्लेट लाल दिसली तर ताबडतोब बटण बंद करावे.

आधी सुरक्षा

आत ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरतो. म्हणून हे काम जाणकार मोठ्या माणसाशिवाय करू नये. जयनगरच्या चौथ्या ब्लॉकमध्ये राहणारे माझे मामा जुने रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. त्यांचे नियम असे :

१. प्लग काढा, योग्य रोध लावून कपॅसिटर रिकामे करा आणि मीटरने खात्री करा.
२. मीटरच्या क्लिपा वीज बंद असतानाच लावा.
३. वीज सुरू असताना एक हात पाठीमागे ठेवा. अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवा.
४. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प्लिफायर कधीही सुरू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

प्रत्यक्ष हिशेब

गेल्या सुट्टीत मामांनी दोन ६एल६जीसी असलेला एक अ‍ॅम्प्लिफायर तपासला. मी वहीत आकडे लिहिले. या व्हॉल्व्हची प्लेट जास्तीत जास्त ३० वॉट उष्णता सोसते. शांत अवस्थेत त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत, म्हणजे २१ वॉटपर्यंत राहावे, असा प्रघात आहे.

सॉकेट खालून पाहिले तर खाचेपासून घड्याळाच्या दिशेने पिना मोजतात. तिसरी पिन प्लेटची, पाचवी ग्रिडची, आठवी कॅथोडची. प्रत्येक कॅथोड आणि जमीन यांच्यामध्ये १ ओहमचा रोध होता. ओहमच्या नियमाने या रोधावर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर.

आवाजाचे बटण शून्यावर ठेवून पंधरा मिनिटे अ‍ॅम्प्लिफायर तापू दिला. प्लेटवर ४६२ व्होल्ट. धारा एका व्हॉल्व्हमध्ये ५८, दुसऱ्यात ५५ मिलिअँपिअर. ४६२ × ०.०५८ = २६.८ वॉट, म्हणजे मर्यादेच्या ८९ टक्के. बायस चांगलाच गरम होता.

हवी ती धारा = २१ ÷ ४६२ = ०.०४५५ अँपिअर, म्हणजे सुमारे ४५ मिलिअँपिअर. मामांनी प्रीसेट थोडा थोडा फिरवून पहिल्या व्हॉल्व्हची धारा ४५ वर आणली. पण काम इथे संपत नाही. धारा कमी झाली की पॉवर सप्लायवरचा भार हलका होतो आणि प्लेटचा दाब वाढतो. तो आता ४७१ झाला होता. पुन्हा हिशेब : २१ ÷ ४७१ = ४४.६ मिलिअँपिअर. शेवटी ४४ वर थांबले. दुसरा व्हॉल्व्ह ४२ वर आला. जोडीत एवढा फरक चालतो. कॅथोडच्या आकड्यात स्क्रीन ग्रिडची थोडी धाराही धरली जाते, त्यामुळे प्लेटवरची खरी उष्णता हिशेबापेक्षा जराशी कमीच असते.

लक्षात ठेवा

दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा आकडा उचलून आपल्याकडे वापरू नये. ईएल३४ ची मर्यादा २५ वॉट आहे. ४५० व्होल्टवर तिचे ७० टक्के म्हणजे सुमारे ३९ मिलिअँपिअर. घरातली वीज २३० ऐवजी २४५ व्होल्ट असेल तर आतले सगळे दाब वाढतात, म्हणून भिंतीवरच्या सॉकेटचा दाबही वहीत लिहावा. ईएल८४ च्या अनेक छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कॅथोडचा रोधच बायस ठरवतो, तिथे फिरवायला प्रीसेट नसतो. आणि ज्यात प्रीसेट असतो, त्या पद्धतीला 'फिक्स्ड बायस' म्हणतात! नावाने फसू नये.

काही जण नुसते ऐकून बायस लावतात. पण ८९ टक्क्यांवरचा तो अ‍ॅम्प्लिफायरही कानाला छानच वाटत होता. स्वर कानाने पारखावा, बायस मात्र मीटरनेच लावावा.