मुक्कामाचा दिवा आणि शेजाऱ्याची रात्र

बेळगाव शहराच्या दक्षिणेस असलेले अनगोळ हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले असले, तरी अनगोळ, वडगाव, शहापूर, मजगाव आणि येळ्ळूर या पट्ट्यातील शिवार बेळगावी बासमतीसाठी आजही ओळखले जाते. एकीकडे वाढती वस्ती व तिचे झगमगते दिवे, तर दुसरीकडे अंधारात निजणारे शेत, अशी या परिसराची रचना आहे. यास्तव उघड्यावरील प्रकाश किती असावा, कोठे पडावा आणि केव्हा विझावा, हा प्रश्न येथील रहिवाशांना नवा नाही.

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने जाणवतो तो उघड्यावरील मुक्कामात. मार्गशीर्ष व माघ पौर्णिमेच्या सुमारास सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर जाणारे भाविक माळावर तळ ठोकतात. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांच्या राहुट्या पडतात. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या खोपी शिवाराच्या कडेला उभ्या राहतात. अलीकडे पवना, भंडारदरा यांसारख्या जलाशयांच्या काठी पर्यटकांच्या तंबूंची गर्दी होऊ लागली आहे. मुक्कामाचे प्रयोजन वेगळे असले, तरी एक गोष्ट सर्वत्र समान असते. घराला भिंत असते, तंबूला केवळ कापड असते. शेजाऱ्याचा आवाज त्यातून जसा आत येतो, तसाच त्याचा दिवाही आत येतो.

प्रकाश किती दूर जातो?

कंदील आणि गॅसबत्तीच्या काळात हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. रॉकेल मोजून वापरावे लागे व निजानीज झाली की बत्ती विझे. एलईडी दिव्यांमुळे प्रकाश स्वस्त झाला. ही प्रगती स्वागतार्हच आहे. परंतु स्वस्त वस्तू सढळ हाताने उधळली जाते, हेही तितकेच खरे. 50 वॅटचा एलईडी झोतदिवा साधारण 5000 ल्युमेन प्रकाश देतो. जुन्या 60 वॅटच्या सहा-सात दिव्यांचा प्रकाश त्यात एकवटलेला असतो.

दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, हा भौतिकशास्त्रातील नियम शाळेत शिकविला जातो. तरीही असा झोतदिवा समोरच्या दिशेने रोखलेला असेल, तर हिशेबाने 40 मीटरवरील तंबूवर पौर्णिमेच्या चांदण्याच्या कितीतरी पट प्रकाश पडतो. 100 मीटरवरही तो चांदण्याच्या जवळपास भरतो. स्वच्छ आकाशातील पूर्ण चंद्राचा प्रकाश सुमारे पाव लक्स असतो, हे ध्यानात घेतल्यास या हिशेबाचा अर्थ उमगेल. म्हणजे दिवा लावणाऱ्यास आपल्या चुलीपुरता उजेड हवा असतो; मात्र त्याच्या नकळत तो शंभर मीटरच्या परिसराची रात्र बदलून टाकतो.

झोप, डोळे आणि सुरक्षितता

रात्र झाल्याची जाणीव शरीराला अंधारामुळे होते. अंधार पडला की मेंदूतील ग्रंथी मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. डोळ्यांवर प्रकाश पडत राहिल्यास हा स्राव मंदावतो व निद्रेची वेळ पुढे सरकते. पांढऱ्या प्रकाशातील निळा अंश याबाबतीत अधिक परिणामकारक असतो. दिवसभर चाललेला वारकरी, पहाटे कोयता घेऊन उसाच्या फडात उतरणारा मजूर किंवा आजारी वृद्ध यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ सोयीचा नसून दुसऱ्या दिवशीच्या श्रमशक्तीचा असतो.

यावर सुरक्षिततेचा मुद्दा साहजिकच पुढे येतो. शिवारात विंचूकाट्याचे व सापाचे भय असते, त्यामुळे उजेड हवाच, हे म्हणणे रास्त आहे. तथापि सुरक्षिततेसाठी लागतो तो पायाखालचा उजेड. डोळ्यांवर येणारा नव्हे. मानवी डोळ्यास अंधाराला पूर्णपणे सरावण्यासाठी सुमारे 20 ते 30 मिनिटे लागतात. प्रखर झोत डोळ्यांवर आला की हा सराव मोडतो आणि झोताबाहेरचे काहीच दिसेनासे होते. उघडा झोतदिवा सावलीतील साप किंवा चोर दाखवीत नाही, उलट लपवितो. हातातील विजेरी जमिनीकडे रोखून चालणे हाच अधिक सुरक्षित मार्ग होय.

पिकांनाही रात्र लागते

माणूस निदान दिवा विझविण्याची विनंती करू शकतो. पिकाला ती सोय नाही. या बाबतीत निपाणी भागातील शेतकऱ्यांस एक गोष्ट विशेष वाटेल. रात्रीच्या लांबीचा वनस्पतींवरील परिणाम प्रथम स्पष्टपणे ध्यानात आला तो तंबाखूमुळे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर व अॅलार्ड या शास्त्रज्ञांना ‘मेरीलँड मॅमथ’ या तंबाखूच्या जातीची झाडे उन्हाळ्यात उंच वाढूनही फुलत नाहीत, असे आढळले. त्यांनी झाडे रोज काही तास अंधाऱ्या खोलीत ठेवली, तेव्हा ती फुलली. सोयाबीनवरही त्यांनी असेच प्रयोग केले आणि 1920 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

सोयाबीन हे ‘अल्पदिनी’ पीक आहे. अखंड रात्र पुरेशी लांब झाल्यावाचून ते फुलोऱ्यावर येत नाही. रस्त्यावरील दिव्याखालील सोयाबीन बाकीचे शेत पिवळे पडले तरी हिरवेच राहते, हे अनेक ठिकाणी दिसून आले आहे. एकाच शेतातील काही भाग उशिरा पक्व झाल्यास कापणी व मळणी या दोन्हींचा मेळ बिघडतो. भातही याच वर्गात मोडते. हळव्या जातींपेक्षा उशिरा येणाऱ्या गरव्या जाती रात्रीच्या लांबीस अधिक संवेदनशील असतात. म्हणून बांधालगत मुक्काम करणाऱ्याने रात्रभर झोतदिवा शेतावर रोखणे म्हणजे शेतकऱ्याच्या शेजारधर्मास न जागणे होय.

कीटकांचाही विचार करावयास हवा. हुमणीचे भुंगेरे पकडण्यासाठी शेतकरी प्रकाश सापळा लावतात. त्या सापळ्याखाली पाण्याचे घमेले असते. तंबूच्या दिव्याखाली ते नसते. त्यामुळे तंबूचा दिवा कीटक गोळा करतो, परंतु त्यांचा नाश करीत नाही.

रानातील शेजारी

सह्याद्रीत मेअखेर व जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, काजवे चमकू लागतात. त्यांचे चमकणे ही जोडीदाराला घातलेली साद असते. अकोले तालुक्यातील पुरुषवाडी व भंडारदरा, तसेच मावळातील राजमाची येथे ते पाहण्यासाठी मोठी गर्दी होते. ज्या प्रकाशासाठी लोक एवढ्या दुरून येतात, तोच प्रकाश मोटारीच्या दिव्यांत व विजेऱ्यांत हरवतो; आणि काजव्यांची सादही अनुत्तरित राहते.

बेळगाव जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्याचे उदाहरण पुरेसे आहे. तळेवाडीजवळील बारापेडे गुहांमधील रॉटनच्या वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन 1913 मध्ये प्रसिद्ध झाले. ही जात अतिशय दुर्मीळ मानली जाते. गुहेच्या तोंडाशी उजेड असल्यास वटवाघळे बाहेर पडण्यास विलंब लावतात आणि संध्याकाळची, म्हणजे कीटक विपुल असण्याची, वेळ वाया जाते. अशा परिसरात जाणाऱ्याने आपला दिवा कोठे पडतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

पेंचचा धडा

हे सर्व आचरणात आणणे शक्य आहे काय? नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. जानेवारी 2024 मध्ये या प्रकल्पास भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त अंधारे आकाश उद्यान, असा दर्जा मिळाला. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया व खापा या गावांतील शंभराहून अधिक पथदिवे व सार्वजनिक दिवे बदलून जमिनीकडे प्रकाश टाकणारे दिवे बसविण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत. केवळ आकाशाकडे व रानाकडे वाया जाणारा प्रकाश रस्त्यावर आणला गेला. लडाखमधील हानले येथेही 2022 मध्ये अंधाऱ्या आकाशाचे संरक्षित क्षेत्र घोषित झाले.

आवाजासाठी आपल्या देशात 2000 चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत व रात्री 10 नंतरच्या ध्वनिक्षेपकाविषयी लोक जागरूक झाले आहेत. इंग्लंडमध्ये 2005 च्या कायद्याने शेजाऱ्यास त्रासदायक ठरणारा कृत्रिम प्रकाशही उपद्रवांच्या यादीत घातला गेला. मात्र तंबूशेजारच्या दिव्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. परस्परांची जाण हाच येथे पहिला उपाय आहे.

मुक्कामाची शिस्त

1. दिवा कामापुरताच लावावा. स्वयंपाक व जेवण आटोपताच झोतदिवा विझवावा.

2. दिव्याचे तोंड जमिनीकडे असावे. उंच काठीवर आडवा लावलेला दिवा सर्वांच्या डोळ्यांत जातो; कमरेएवढ्या उंचीवरील झाकणीचा दिवा आपल्याच अंगणात राहतो.

3. दिवा घेताना खोक्यावरील आकडा पाहावा. 6500 केल्विन म्हणजे निळसर पांढरा, तर 3000 किंवा त्याहून कमी म्हणजे पिवळसर प्रकाश. उघड्यावर पिवळसर दिवा वापरावा. त्याकडे कीटकही कमी येतात.

4. रात्री उशिरा वाहन आणल्यास ते लावताच पुढचे दिवे बंद करावेत. डोक्यास बांधलेली विजेरी बोलताना समोरच्याच्या तोंडावर रोखू नये.

5. शौचालयाची वाट व पाणवठा येथे मंद दिवा रात्रभर ठेवण्यास हरकत नाही. तो जमिनीलगत असावा.

6. शेजारचा दिवा त्रासदायक वाटल्यास नम्रपणे सांगावे. बहुतेकांना आपला दिवा पलीकडून कसा दिसतो, याची कल्पनाच नसते.

शिक्षकांसाठी एक प्रयोग

शाळेच्या पटांगणात सायंकाळी एक दिवा काठीवर लावावा. विद्यार्थ्यांनी 10, 20 व 40 पावलांवर उभे राहून पुस्तकातील अक्षरे दिसतात काय, हे पाहावे व तेवढ्याच अंतरावरून दिवा डोळ्यांत किती खुपतो, याची नोंद करावी. नंतर जाड पुठ्ठ्याची झाकणी दिव्याच्या वर व बाजूंनी, दिव्याला न चिकटता, बसवावी आणि पुन्हा नोंद घ्यावी. काठीखालचा उजेड कायम राहतो, दूरचा खुपणारा प्रकाश मात्र नाहीसा होतो. झाकणी काढण्यापूर्वी मुलांना एकदा आकाशाकडे पाहावयास सांगावे व दिसणारे तारे मोजावयास लावावे.

ग्रामपंचायती, यात्रा समित्या आणि तंबू-निवास चालविणारे यांनी मुक्कामाच्या जागी पाणी व स्वच्छतेच्या सूचनांबरोबर दिव्यांविषयी दोन ओळी लावल्या, तर त्यास खर्च येणार नाही. दिवा आपल्या घरचा असला, तरी रात्र सर्वांची आहे, एवढे भान त्या दोन ओळींनी दिले तरी पुरे.