कोठारातील शिल्लक आणि दुरुस्तीची तारीख

दौलतराव शिंद्यांनी 1810 साली ग्वाल्हेरला ठोकलेल्या छावणीचे पुढे लष्कर हे नगर झाले, तेव्हापासून दफ्तर राखणे हा तेथील मराठी घराण्यांचा जणू कुलधर्मच होऊन बसला. त्यामुळे ग्वाल्हेरच्या ज्या गिरणीत मी दुरुस्तीचे नियोजन पाहत असे, तिच्या कोठाराच्या वह्या निर्दोष होत्या यात नवल नव्हते. वहीत जितकी शिल्लक, तितकेच नग फळीवर मोजून मिळत. तरीही एका ऐन उन्हाळ्यात ती गिरणी वाफेवाचून बंद पडली.

1923 च्या बॉयलर-कायद्यान्वये बॉयलर चालविण्याचा दाखला सामान्यतः अधिकांत अधिक बारा महिन्यांचा मिळे. मुदत सरण्यापूर्वी बॉयलर थंड करून, उघडून, आतून स्वच्छ करून निरीक्षकांपुढे ठेवावयाचा आणि त्यांनी फर्माविल्यास पुन्हा मिटवून पाण्याच्या दाबाने त्याची कसोटी घ्यावयाची, अशी वहिवाट होती. मॅनहोलचे झाकण एकदा काढले की जुन्या जॉइंटचा भरवसा उरत नाही. कोठारात जॉइंट होते, वहीबरहुकूम होते. परंतु ते पूर्वीच मोडीत निघालेल्या बॉयलरच्या मापाचे होते, कारण मोडीचा हुकूम हिशेब-खात्याला पोहोचला, कोठाराला कोणी कळविलाच नाही. योग्य मापाचे जॉइंट कानपूरहून येईपर्यंत वाफ नाही. वाफ नाही म्हणून सुताला खळ देणारे सायझिंग यंत्र स्तब्ध. आणि भरलेले बीम न मिळाल्याने धडधाकट मागही एकामागून एक थांबत गेले.

कोठारवाला मागणी नोंदवितो ती खपावरून, आणि रोज झिजणारे पिकर, पट्टे, ट्रॅव्हलर यांना तो हिशेब चोख लागू पडतो. वर्षातून एकदाच लागणारी वस्तू मात्र त्या हिशेबात दिसतच नाही. बहुतेक काळ पडून राहिल्यामुळे ती हिशेबनिसाला अडकलेले भांडवल वाटते आणि काटकसरीचा पहिला वार तिच्यावरच होतो. यावर सर्वच वस्तूंचा साठा करणे हाही उपाय नव्हे, कारण पडून पडून रबर कडक होते आणि लोखंड गंजते. माझे स्पष्ट मत असे की, नियोजित कामाच्या सामानाची मागणी कोठारात नव्हे, तर दुरुस्तीच्या वेळापत्रकातच जन्मली पाहिजे. कामाची तारीख ठरताच त्याखाली लागणारे भाग मापासह लिहावेत. मंजुरी, दरपत्रके, रेल्वेची वाहतूक यांस लागणारा अवधी त्या तारखेतून वजा करून मागणीचा दिवस काढावा. आणि माल आला की कामाचा क्रमांक बांधून तो वेगळा ठेवावा, नाहीतर रात्रपाळीचा फिटर दुसऱ्याच यंत्रासाठी तो उचलून नेतो. यंत्र मोडीत काढण्याच्या हुकमाची नक्कल त्याच दिवशी कोठाराकडे गेलीच पाहिजे.

जुनी यंत्रे बाळगणाऱ्यांनी तर विशेष जपावे. ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणाऱ्या दोन फुटी रुळांच्या गाडीला मोठ्या गाडीची चाके उसनी घेता येत नसत; ज्या यंत्राचा कर्ताच धंद्यातून उठला, त्याचीही गत तीच. असा भाग ओतून घ्यावयाचा तर नमुना हाती असतानाच घ्यावा.

ज्यांच्या दाखल्यावर पुढील तपासणीची तारीख लिहिलेली आहे, त्यांनी या आठवड्यातच फिटरला सोबत घेऊन कोठारात जावे आणि वही मिटून प्रत्येक भाग मापाने पडताळून पाहावा.