कवच कसे निवडावे?

प्रस्तावना

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, ही हकिकत तुम्ही ऐकली असेल. ती निवड विचारपूर्वक केलेली होती. भेट समोरासमोर व्हायची होती. घात झाला तर तो कट्यारीसारख्या शस्त्राने होण्याचा संभव होता. शिवाय हालचालीस मोकळीक हवी होती. लोखंडी कड्यांच्या चिलखताने हे सर्व साधते. मात्र हेच चिलखत बंदुकीच्या गोळीपुढे टिकले नसते. म्हणजे चिलखताचे मोल ते कशाविरुद्ध वापरायचे, यावरून ठरते. आज सैनिक, पोलीस आणि युद्धभूमीवरून वार्तांकन करणारे पत्रकार जी कवचे वापरतात, त्यांनाही हाच नियम लागू पडतो. प्रस्तुत पाठात आपण त्याचा परिचय करून घेऊ.

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यावर तुम्हांला

• ‘अभेद्य’ आणि ‘रोधक’ या शब्दांतील भेद सांगता येईल;
• कवचाच्या प्लेटचे तीन मुख्य प्रकार व त्यांचे गुणदोष स्पष्ट करता येतील;
• दिलेल्या परिस्थितीत कोणते कवच योग्य, याचा सकारण निर्णय घेता येईल.

मूळ पाठ

१. अभेद्य की रोधक?

बोलताना आपण सर्रास ‘बुलेटप्रूफ जाकीट’ म्हणतो. जणू ते अंगावर चढवले की कोणतीही गोळी लागणारच नाही! भारतीय मानक ब्यूरोने २०१८ साली या जाकिटांसाठी आयएस १७०५१ हे मानक तयार केले. त्याने मात्र ‘गोळीरोधक’ या अर्थाचा शब्द पत्करला आहे. जे भेदताच येत नाही ते अभेद्य. जे ठरावीक मर्यादेपर्यंत अडवते ते रोधक. जगात अभेद्य कवच नाही. कोणते कवच कोणती गोळी, किती वेगापर्यंत आणि किती वेळा अडवील, एवढेच मानक सांगते. म्हणून कवचावरील पातळीचा आकडा ही त्याची स्तुती नसून त्याची मर्यादा आहे, असे समजून तो वाचावा.

२. मऊ कवच आणि कठीण प्लेट

१९६५ साली स्टेफनी क्वोलेक या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ महिलेच्या संशोधनातून केव्हलर हा अतिशय चिवट धागा जन्माला आला. अशा धाग्यांच्या अनेक थरांचे कापड म्हणजे मऊ कवच. क्रिकेटचा चेंडू जसा जाळ्यात अडकून थांबतो, तशी पिस्तुलाची गोळी या थरांत अडकते, चपटी होते आणि थांबते.

रायफलीची गोळी मात्र त्यातून पार जाते. याचे कारण तिच्या वेगात आहे. पिस्तुलाची साधारण ८ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने जाते. एके-४७ रायफलीची तेवढ्याच वजनाची गोळी सुमारे ७१० मीटर वेगाने येते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग दुपटीहून कमी वाढला, तरी ऊर्जा मात्र तिपटीहून अधिक होते. शिवाय रायफलीच्या गोळीचे टोक निमुळते असते. ती अडवण्यासाठी मऊ कवचाच्या पुढे, छातीवर व पाठीवर, कठीण प्लेट बसवावी लागते.

३. प्लेटचे तीन प्रकार

पहिला प्रकार पोलादाचा. पोलादी प्लेट पातळ, स्वस्त आणि टिकाऊ असते. ती अनेक गोळ्या सोसते. परंतु पोलादाची घनता पाण्याच्या जवळजवळ आठपट आहे. २५ सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर उंच आणि ६ मिलिमीटर जाड प्लेटचे वजन किती होईल, याचा हिशेब करून पाहा. उत्तर सुमारे साडेतीन किलो येईल. पुढची व मागची मिळून सात किलो. दुसरा धोका असा, की गोळी पोलादावर आपटून फुटते आणि तिच्या ठिकऱ्या मान, हनुवटी व दंडाकडे उडतात. त्यांना अडवणारे जाड आवरण प्लेटवर नसेल, तर थांबलेली गोळीही घायाळ करते.

दुसरा प्रकार सिरॅमिकचा, म्हणजे चिनीमातीच्या कुळातील अतिकठीण पदार्थांचा. ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड आणि बोरॉन कार्बाइड हे त्यांतील प्रमुख होत. बोरॉन कार्बाइड पोलादाच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश घनतेचे, तरीही त्याहून कितीतरी कठीण असते. गोळी त्यावर आदळताच तिचे टोक बोथट होते वा फुटते. मागील धाग्यांचा थर उरलेले तुकडे झेलतो. चिलखतभेदी गोळ्यांसाठी हाच प्रकार प्रामुख्याने निवडला जातो. मात्र गोळी फोडताना सिरॅमिक स्वतःही त्या जागी तडकते. त्याच जागी दुसरी गोळी लागल्यास संरक्षण कमी पडते. प्लेट हातातून पडली तरी आत न दिसणारी चीर जाऊ शकते.

तिसरा प्रकार अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचा. याची घनता पाण्याहूनही किंचित कमी असते. वरील मापाची २० मिलिमीटर जाड प्लेट जेमतेम दीड किलो भरते. लांब पायपीट करणाऱ्यास ती वरदानच वाटते. पण पोलादी गाभ्याची गोळी तिच्यातून पार जाऊ शकते, आणि अधिक उष्णतेने तिची ताकद घटते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शिशाच्या गाभ्याची हलकी पण अतिवेगवान गोळी काही पोलादी प्लेट्स भेदते, तर पॉलिएथिलीन तिला अडवते. उलट, पोलादी टोकाची गोळी पॉलिएथिलीन भेदते, पण पोलादावर थांबते. म्हणजे या दोहोंत श्रेष्ठ कोण, या प्रश्नाला धोक्याचे नाव घेतल्याशिवाय उत्तरच नाही.

४. निवडताना विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न : धोका कशाचा? पिस्तुलाचा, साध्या रायफलीचा, की चिलखतभेदी गोळीचा? सुऱ्याचा धोका असेल तर तसे निराळे कवच हवे. कारण गोळी अडवणारे कापड सुऱ्याचे टोक अडवीलच, असे नाही.

दुसरा प्रश्न : प्लेट स्वतंत्र आहे, की मऊ कवचाच्या जोडीनेच वापरायची आहे? जोडीने वापरायची प्लेट एकटी घातली, तर तिच्यावर लिहिलेली पातळी खरी ठरत नाही.

तिसरा प्रश्न : गोळी थांबल्यावर शरीराचे काय? कवच भेदले गेले नाही तरी ते आतल्या बाजूस दबते व फासळ्यांना मार बसतो. चाचणीत कवचामागे माती ठेवून हा खड्डा मोजतात. अमेरिकन मानकानुसार तो ४४ मिलिमीटरपेक्षा खोल असता कामा नये.

चौथा प्रश्न : वापरणारा ते किती वेळ वाहणार? नाक्यावर तासभर उभा राहणारा शिपाई आणि दिवसभर डोंगर चढणारा जवान यांची गरज एक नाही. जड म्हणून खुंटीवर राहिलेले कवच कोणाचाही जीव वाचवीत नाही.

पाचवा प्रश्न : ते अंगावर नीट बसते का? प्लेटची वरची कड गळ्याखालच्या खाचेशी यावी, म्हणजे हृदय व फुप्फुसे झाकली जातात. पुरुषाच्या मापाचे जाकीट स्त्री-शिपायास दिल्यास प्लेट जागेवर राहीलच, असे नाही.

वजन कमी करून संरक्षण वाढवण्याचे प्रयत्न आपल्या देशातही चालू आहेत. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानातून बोरॉन कार्बाइडवर आधारित ‘भाभा कवच’ तयार झाले. एप्रिल २०२४ मध्ये संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या कानपूर येथील प्रयोगशाळेने भारतीय मानकाच्या सहाव्या, म्हणजे सर्वोच्च पातळीचे देशातील सर्वांत हलके जाकीट विकसित केल्याचे जाहीर झाले. त्याची पुढील प्लेट चिलखतभेदी प्रकारच्या सहा गोळ्या अडवते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या आयआयटीच्या सहकार्याने ‘अभेद’ ही जाकिटे तयार झाली. पातळीनुसार त्यांचे किमान वजन ८.२ व ९.५ किलो आहे. नाव ‘अभेद’ असले तरी मर्यादा पातळीनेच सांगितली जाते, हे लक्षात घ्या.

५. कवच जपावे लागते

एकदा निवडले म्हणजे काम संपले, असे नाही. अमेरिकेत झायलॉन नावाच्या धाग्याची जाकिटे एके काळी उत्तम मानली जात. २००३ साली एका पोलिसाच्या अंगावरील असे जाकीट गोळीने भेदले आणि चौकशी सुरू झाली. ओलावा व उष्णता यांमुळे हा धागा कालांतराने दुबळा होतो, असे आढळले. २००५ साली त्याची मान्यता काढून घेण्यात आली. म्हणून कवच ओलाव्यापासून व उन्हात तापलेल्या बंद वाहनापासून दूर ठेवावे, त्याची मुदत पाहावी आणि पडलेली सिरॅमिक प्लेट क्ष-किरणांनी तपासून घ्यावी.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना दहशतवाद्याची रायफल घट्ट धरून ठेवली आणि प्राण वेचले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र प्रदान करण्यात आले. अशा शौर्यापुढे आपण नतमस्तक होतो. परंतु जे काम कवचाने करायचे, ते कोणाच्या उघड्या छातीला करावे लागू नये, ही जबाबदारी समाजाची आहे. योग्य कवच निवडून योग्य माणसाच्या अंगावर पोहोचवणे, हा त्या जबाबदारीचाच भाग होय.

पाठगत प्रश्न

१. रायफलीची गोळी मऊ कवचातून पार का जाते?
२. सिरॅमिक प्लेट गोळी कशी थांबवते?
३. रिकाम्या जागा भरा : जे ठरावीक मर्यादेपर्यंत अडवते ते ………, जे भेदताच येत नाही ते ……….

तुम्ही काय शिकलात?

• कवचाची पातळी म्हणजे त्याची मर्यादा.
• पोलाद जड पण टिकाऊ, सिरॅमिक कठीण पण ठिसूळ, पॉलिएथिलीन हलके पण उष्णतेस भिणारे.
• धोका, वजन, माप व निगा यांचा एकत्र विचार करूनच निवड करावी.

पाठान्त प्रश्न

१. ‘जड म्हणून खुंटीवर राहिलेले कवच कोणाचाही जीव वाचवीत नाही’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
२. बर्फाळ डोंगरावर गस्त घालणारा जवान आणि शहरातील नाक्यावरील शिपाई यांच्यासाठी तुम्ही कोणती प्लेट निवडाल? कारणे द्या.
३. ‘शौर्य आणि साधने’ या विषयावर दहा ओळी लिहा.