मागणीचा मसुदा

गेल्या जूनमध्ये, मृगाच्या पहिल्या सरीने नागपुरातील धंतोलीच्या रस्त्यांवरचा धुरळा बसला न बसला तोच, महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले एक परिचित गृहस्थ, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या आपल्या चिरंजिवांस पुढे घालून, माझ्याकडे आले आणि चहा येण्याचीही वाट न पाहता त्यांनी फिर्याद दाखल केली: "सर, पोरगा प्रोग्राम लिहायचं सोडून दिवसभर चौकोन अन् बाण काढत बसतो. कंपन्या काय चित्रं काढायचा पगार देतात?"

मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याच्या लॅपटॉपवरील आकृती मी पाहिली, तेव्हा ती चित्रकला नसून, सॉफ्टवेअरने नेमके काय करावयाचे याचा मसुदा बांधण्याची विद्या आहे, हे माझ्या ध्यानात आले. या विद्येस इंग्रजीत 'रिक्वायरमेंट्स इंजिनिअरिंग' असे भारदस्त नाव आहे. पण जे शहर 1956 पर्यंत मध्यप्रांत-वऱ्हाडाची व पुढे मध्यप्रदेशाची राजधानी होते, जेथे 1936 पासून उच्च न्यायालय नांदले आणि आजही हिवाळी अधिवेशनास अवघे मंत्रालय दप्तरांसह उतरते, त्या नागपुरास मसुद्याचे महत्त्व परक्याने येऊन सांगावे असे नाही. मसुद्यातील एक संदिग्ध शब्द पुढे किती वर्षे दावे चालवितो, हे येथील वकिलांना व कारकुनांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

सॉफ्टवेअरमध्येही तसेच घडते. 4 जून 1996 रोजी युरोपचा एरियान-5 हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे 40 सेकंदांत नष्ट झाला, तो इंधनाच्या किंवा धातूच्या दोषाने नव्हे, तर एरियान-4 साठी लिहिलेली दिशादर्शनाची आज्ञावली नव्या वाहनाच्या गरजा पुन्हा न तपासता त्यात बसविली गेली म्हणून. नव्या वाहनाच्या आडव्या वेगाशी निगडित असलेला एक आकडा राखून ठेवलेल्या जागेत मावेना, आणि दैवदुर्विलास असा, की ज्या गणितात तो आकडा अडला ते गणित उड्डाणानंतर आवश्यकच नव्हते.

मी त्या गृहस्थांस म्हटले, "रावसाहेब, फेरफाराची नोंद कशी मंजूर होते, ते जरा याला सांगा." त्यांची कळी खुलली. वर्दी आली की तलाठी गाव नमुना 6 मध्ये नोंद धरतो, हितसंबंधितांस नोटीस देतो, 15 दिवसांची मुदत ठेवतो. हरकत आली तर प्रकरण नमुना 6-अ च्या विवादग्रस्त नोंदवहीत जाते, न आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि तिचा अंमल सातबाऱ्यास दिला जातो, असे त्यांनी एका दमात सांगितले. मुलाने तेवढ्या वेळात त्यातून अर्जदार, तलाठी, मंडळ अधिकारी व हरकतदार असे चार पात्रांचे आणि 'नोंद धरली', 'नोटीस बजावली', 'विवादग्रस्त', 'प्रमाणित', 'रद्द' अशा पाच अवस्थांचे रेखाटन उभे केले, आणि लगेच विचारले, "नोटीस एका वारसाला पोचली अन् दुसऱ्याला पोचलीच नाही, तर मुदत कधीपासून मोजायची?" वडील क्षणभर थांबले. जो प्रश्न आज्ञावली लिहून झाल्यावर, एखाद्या खातेदाराच्या डोळ्यांत पाणी आल्यानंतर विचारला गेला असता, तो आकृतीमुळे आधीच विचारला जातो. या कलेचे प्रयोजन ते एवढेच.

सातबाऱ्यात आणखी एक धडा दडलेला आहे. तेथे प्रत्येक नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो, म्हणजे हे नाव कोणत्या हकिकतीने येथे आले याचा माग काढता येतो. उत्तम मागणीपत्रकातही प्रत्येक मागणीस क्रमांक असावा, ती कोणी, कोणत्या कारणाने केली याची नोंद असावी, आणि ती पूर्ण झाली की नाही हे कोणत्या चाचणीने ठरणार तेही जोडलेले असावे. 'माहिती लवकर मिळावी' ही मागणी नव्हे. 'लवकर' या शब्दास मोजमाप नाही, आणि ज्यास मोजमाप नाही त्याची चाचणी कोण कशी घेणार?

आता अवजारांविषयी. मोठ्या कंपन्यांतील परवान्यांची अवजारे विद्यार्थ्याच्या खिशास परवडणारी नसतात, परंतु मुक्तस्रोत अवजारांनी ही अडचण पुष्कळशी दूर केली आहे. आकृत्यांची सर्वमान्य भाषा यूएमएल ही 1997 मध्ये प्रमाण ठरली, आणि ती साध्या मजकुरातून रेखाटणारे प्लँटयूएमएल हे अवजार जुन्या लॅपटॉपवरही चालते. मागण्या साध्या फायलींत ठेवून त्यांचे परस्पर दुवे तपासणारे डोअरस्टॉपही असेच हलके. दोन्हींचा मजकूर गिटमध्ये ठेवला, की कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद आपोआप राहते. गिट म्हणजे एका परीने संगणकाचा नमुना 6 च. याउलट फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगात वाढलेले पॅपिरस आणि थालेस कंपनीने मुक्त केलेले कॅपेला ही अवजारे समर्थ खरी, पण अवजड. विमाने व रेल्वे यांसारख्या प्रणालींकडे ज्याचा ओढा आहे त्याने अखेरच्या वर्षी कॅपेला अवश्य हाताळावे, इतरांनी घाई करू नये. आणि अवजार निवडण्यापूर्वी त्यात शेवटची सुधारणा केव्हा झाली ते पाहावे. एके काळी वर्गावर्गांत पूजिले गेलेले आर्गोयूएमएल आज जवळजवळ निपचित पडले आहे.

पालकांचा खरा प्रश्न नोकरीचा असतो, आणि त्यास गोड उत्तर देणे ही फसवणूक होईल. येथील मिहान प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची आवारे आहेत, पर्सिस्टंटही नागपुरात आहे. पण नवख्या पदवीधरास थेट मागण्यांचा मसुदा बांधण्यासाठी सहसा कोणी नेमत नाही. आरंभी बहुधा आज्ञावली लिहिणे वा चाचणी करणे हेच काम मिळते, आणि काही वर्षांनी ग्राहकाचे म्हणणे नीट समजणारा मनुष्य बिझनेस ॲनालिस्ट किंवा सिस्टीम्स इंजिनिअर या पदाकडे सरकतो. म्हणून प्रोग्रामिंग सोडून चौकोन काढावेत असे मी म्हणणार नाही, पण चौकोन काढणाऱ्याचा प्रोग्राम क्वचितच भलत्या दिशेला जातो. अशा आकृतिबद्ध प्रारूपातूनच आज्ञावली निर्माण करण्याचे संशोधन टीसीएसच्या पुण्यातील टीआरडीडीसी या 1981 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रात दीर्घकाळ चालले, हेही या व्यवसायाची मुळे आपल्याच मातीत असल्याचे गमक आहे.

प्रमाणपत्र हवेच असेल, तर जर्मनीतील आयआरईबी संस्थेचे सीपीआरई पायाभूत प्रमाणपत्र या विषयात मान्यता पावलेले आहे. तथापि शुल्क भरण्यापूर्वी एक संपूर्ण मसुदा स्वहस्ते बांधून सार्वजनिक ठेवावा, हे मला अधिक हिताचे वाटते. इंग्रजीची धास्ती असणाऱ्यांनी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातील मराठी धडे पाहावेत. लिनक्ससारख्या मुक्त अवजारांची ओळख तेथे विनामूल्य होते. कायदा वा वाणिज्य शिकलेल्या मुलांनीही या वाटेकडे पाठ फिरवू नये, कारण नेमके लिहिण्याची सवय त्यांना आधीच असते.

पंधरवड्याने ते गृहस्थ पुन्हा आले, या खेपेस एकटेच, हाती मुलाच्या आकृतीची छापील प्रत घेऊन. नोकरीविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. 'प्रमाणित' या चौकोनावर तांबड्या शाईने खूण करून म्हणाले, "पोराने इथंच संपवलं. उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील असतं की नाही? तो बाण राहिला."